काटा शून्यावर

आंब्याला निघालो होतो. जानेवारीतला रविवार, शेजारी बायको, मागच्या सीटवर आई आणि पुढ्यात उसाची डबल ट्रॉली. गळीत हंगामात कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर गाडी चालवली असेल, तर पुढचं वर्णन करायला नको. ट्रॅक्टर ताशी पंचवीसच्या वर जाणार नाही, मागे लाइट नाही आणि ऊस दोन्ही अंगांनी लोंबतोय. रस्ता मोकळा दिसला. इंडिकेटर दिला, बाहेर आलो, ॲक्सिलरेटर दाबला.

आणि काहीच झालं नाही!

म्हणजे इंजिन गुरगुरलं, मागे काळा धूर सोडला, पण गाडी आपली ट्रॉलीच्या बरोबरीनं वरातीसारखी चाललीय. तेवढ्यात समोरच्या वळणावरून एसटी उगवली. कचकन ब्रेक मारला आणि पुन्हा ट्रॉलीच्या मागे येऊन लपलो. एसटी हॉर्न वाजवत निघून गेली. आई काही बोलली नाही. फक्त पर्समधून जपमाळ बाहेर आली. बॉसनं अप्रेझलमध्ये कितीही झापलं तरी इतकं लागत नाही.

सोमवारी ऑफिसच्या कँटीनमध्ये विषय काढला. अपेक्षेप्रमाणे तिथं सहा एक्स्पर्ट निघाले. एअर फिल्टर बदल. इंजेक्टर साफ कर. चिप टाक, विमान होईल! चिपवाल्याला फोनही करून झाला होता. पण त्याआधी म्हटलं, शिवाजी उद्यमनगरातल्या मिस्त्रींना एकदा दाखवू. शेतीपंपांची ऑइल इंजिनं घडवून मोठा झालेला हा भाग. इथं इंजिनाबद्दल कुणी उगाच बोलत नाही. मिस्त्रींनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, ‘‘आधी हवा किती येतीया ते तरी बघा की, पाव्हणं. मग चिप बसवा न्हाईतर वेफर.’’

हवा बघायची म्हणजे बूस्ट गेज बसवायचा.

माझी गाडी १.३ लिटरची सेकंडहँड डिझेल हॅचबॅक. टर्बोचं काम तसं सोपं. सायलेन्सरकडे वाया निघालेल्या गरम वायूवर एक चाक फिरतं, त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरं चाक, आणि ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा, म्हणून जास्त डिझेल जाळता येतं, म्हणून छोट्या इंजिनातून मोठी ताकद. आल्फ्रेड बुची नावाच्या स्विस इंजिनिअरनं १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं. गोम एवढीच की, चाक फिरायला आधी पुरेसा वायू लागतो. इंजिन सुस्त तर टर्बोही सुस्त. आणि हे सुस्त आहे की जागं, हे सांगणारा काटा बहुतेक गाड्यांच्या डॅशबोर्डवर नसतोच. स्पीड कळतो, आरपीएम कळतं, बाहेरचं टेंपरेचर कळतं, पण ज्याच्यासाठी जादा पैसे मोजले तो टर्बो काय करतोय, ते नाही.

गेज ऑनलाइन मागवला. बावन्न मिलिमीटरचा, काळी डायल, लाल काटा. शून्याच्या उजवीकडे दोन बारपर्यंत आकडे आणि डावीकडे उणे एकपर्यंत. ऑफिसात बॉक्स उघडून सगळ्यांना दाखवूनही आणला. मिस्त्रींनी उलटासुलटा करून बघितला आणि हसले. ‘‘ही डावी बाजू तुमच्या कामाची न्हाई. ती पेट्रोलवाल्यांची.’’ पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते. पाय उचलला की ती मिटते, आत व्हॅक्युम तयार होतो आणि काटा डावीकडे जातो. डिझेलमध्ये हवा अशी अडवून धरत नाहीत, त्यामुळे काटा शून्यावरच बसतो. थोडक्यात, अर्धी डायल मी शोसाठी विकत घेतली होती.

आता गेजची नळी जोडायची कुठं? मला वाटलं, टर्बोपासून वेस्टगेटकडे एक बारीक रबरी नळी जाते, तीच कापायची, मध्ये टी टाकायचा, झालं काम. मिस्त्रींनी हात धरला. वेस्टगेट म्हणजे प्रेशर हद्दीबाहेर गेलं की वायूला दुसरी वाट उघडून देणारा दरवाजा. त्याला ‘आता पुरे’ हा निरोप याच नळीतून मिळतो. उद्या तिथला टी गळला, तर निरोप पोचणार नाही आणि प्रेशर चढतच जाईल. प्रेशर मोजायला म्हणून बसवलेली वस्तूच इंजिन फोडायची!

मग त्यांनी इंजिनाकडे हवा नेणारा ॲल्युमिनियमचा पाइप सोडवून बाहेर काढला. गाडीवरच भोक पाडलं असतं तर एक-दोन तास वाचले असते, पण ॲल्युमिनियमचा एखादा कीस आत गेला की संपलं. शेजारच्या लेथवर पितळेचं छोटं निपल वळून आणलं, आटे पाडून बसवलं. पाइप आतून पुसला, हवा मारली, पुन्हा पुसला. तिथून बारीक नळी, गरम भागापासून लांब ठेवत, वायरिंगच्या रबरी बुचातून आत घेतली. गेजच्या दिव्याची वायर पार्किंग लाइटवर, फ्यूज लावून. अर्थ बॉडीच्या बोल्टला.

जागेवरून मात्र आमचं वाजलं. मला गेज उजव्या खांबावर हवा होता, रेसिंगच्या गाड्यांमध्ये असतो तसा. ‘‘घाटात उजव्या वळणाला ह्याच खांबामागं मोटरसायकल लपती. त्यात आणि घड्याळ लावताय?’’ यावर काय बोलणार? गेज स्टिअरिंगच्या डावीकडे, डॅशवर गेला.

उभ्या गाडीत रेस करून काही कळत नाही, इंजिनावर लोड यायला हवा. म्हणून केर्लीवरून वाघबीळला आणि तिथून पन्हाळ्याचा चढ. तिसरा गिअर, पाय पूर्ण खाली. पंचवीसशे आरपीएमला काटा अर्ध्या बारवर गेला आणि तिथंच अडकला. माझ्या गाडीत तो एक बारच्या आसपास जायला हवा होता. मिस्त्री शेजारी बसले होते. म्हणाले, ‘‘फिरवा माघारी.’’

गॅरेजवर त्यांनी पाइपांना बेताची हवा देऊन वरून साबणाचं पाणी सोडलं. पंक्चरवाल्याची ट्रिक. एका रबरी पाइपला क्लँपच्या आतल्या बाजूला चीर होती. बाहेरून फक्त तेलकट मळ दिसत होता. तिथून फुगे यायला लागले. टर्बोनं दाबलेली हवा इंजिनात जायच्या आधीच बॉनेटमध्ये पसरत होती आणि काळ्या धुराचं कारणही तेच. पाइपाचं बिल गेजपेक्षा कमी झालं. चिपवाल्याला फोन करून नको सांगितलं.

पुन्हा वाघबीळ. यावेळी काटा एक बारपर्यंत सरळ चढला आणि गाडीनं पाठीत धक्का दिला. मी खूश. मग मिस्त्री म्हणाले, ‘‘आता ट्रॉलीच्या मागं हाय असं समजून चालवा.’’ पंचवीसचा स्पीड, तिसरा गिअर, ॲक्सिलरेटर दाबला. बाराशे आरपीएमला काटा ढिम्म. एक, दोन, तीन... तेव्हा कुठं जागचा हलला. त्याच स्पीडला दुसरा गिअर टाकला, इंजिन एकोणीसशेच्या आसपास आलं, आणि पाय दाबल्या दाबल्या काटा उठला.

म्हणजे त्या रविवारी निम्मा दोष पाइपाचा होता आणि निम्मा माझा. पाइप बदलला नसता तर मी जन्मभर गाडीलाच शिव्या घातल्या असत्या. आणि गेज नसता तर पाइप बदलून, तोच तिसरा गिअर टाकून, पुन्हा एसटीसमोर गेलो असतो.

तुमची गाडी नवी असेल, वॉरंटीत असेल तर मात्र भोकं पाडायच्या आधी दहादा विचार करा. ओबीडी सॉकेटला लावायचा ब्लूटूथ डोंगल मिळतो. बऱ्याच गाड्यांमध्ये तो हेच प्रेशर मोबाइलवर दाखवतो, थोडं उशिरा, पण दाखवतो. फक्त तो आकडा बहुधा बाहेरची हवा धरून असतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे गाडी उभी असतानाही तिथं साधारण ०.९५ बार दिसेल. बिघडलंय समजून गॅरेज गाठू नका. बाहेरचा आकडा वजा करा, राहील तो बूस्ट.

परवा पुन्हा आंब्याला गेलो. तोच रस्ता, मागच्या सीटवर आई, पुढ्यात ट्रॉली. दुसऱ्या गिअरमध्ये निवांत मागे चाललो होतो, रस्ता पूर्ण दिसायची वाट बघत. आईनं पुढे वाकून डॅशकडे बघितलं.

‘‘एवढं महागाचं घड्याळ घेतलास आणि बंद पडलंय की रे. मघापासनं शून्यावरच हाय.’’

‘‘चालू आहे गं.’’

‘‘कुठलं चालू? येताना उद्यमनगरात दाखव कुणाला तरी.’’