चहा, झाकण आणि छापलेलं जर्नल

तर मंडळी, गोष्ट चहाची आहे. पण गेटसमोरच्या कटिंगची नाही, तिच्याबद्दल एक अक्षरही वाईट लिहिण्याची माझी हिंमत नाही!

दिवाळीनंतर मामाने परदेशातून आणलेला चहाचा डबा माझ्याबरोबर होस्टेलवर आला. १०० ग्रॅम 'अर्ल ग्रे', सुट्या पानांचा. झाकण उघडलं आणि निम्मी विंग गोळा झाली. वास असा, की कुणी चहात संत्र्याची साल किसली असावी. ते फार चूकही नव्हतं. या काळ्या चहाला बर्गामोट नावाच्या, लिंबू-संत्र्याच्या कुळातल्या फळाच्या सालीचं तेल लावतात.

पहिल्या रात्री आम्ही तो आपल्या पद्धतीनेच केला. मेसच्या काकांना मस्का लावून पातेलं मिळवलं. दूध, साखर, आलं आणि दे दणादण उकळी! मेसभर सुगंध दरवळला, कपात मात्र नुसतं आलं आणि रंग. मग ट्यूब पेटली. जो वास मेसभर पसरला, तोच तर कपातून गेला होता! टपरीवरचा चहा म्हणजे सीटीसीचे दाणे. ते चुरडून वळलेले असतात, रंग पटकन सोडतात आणि उकळी सहन करतात. हे तेल मात्र उडून जाणारं. त्याला उकळायचं नसतं, उकळतं पाणी ओतून मुरू द्यायचं असतं.

पण किती वेळ? किती पानं? इथे विंगमधला प्रत्येकजण एक्स्पर्ट! एक म्हणे दोन मिनिटं, दुसरा म्हणे दहा. शेवटी आम्ही दोघा रूम पार्टनर्सनी इंजिनिअर असल्यासारखं वागायचं ठरवलं. (चार वर्षांत पहिल्यांदाच.)

चहा करण्याचं चक्क एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३१०३. पहिल्यांदा १९८० साली आलं. १०० मिली उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा, झाकणाचं भांडं, ६ मिनिटं. मात्र ते वेगवेगळे चहा एकाच मापाने तपासता यावेत म्हणून आहे, चहा सर्वांत चांगला लागावा म्हणून नाही. हा फरक कळायला आम्हाला एक कडूजहर ग्लास प्यावा लागला.

मग सरांची परवानगी काढून लॅबमधल्या काट्यावर, कागद ठेवून, २-२ ग्रॅमच्या पुड्या बांधल्या. पाणी तेवढंच, ग्लास तसलेच, बदलायचा फक्त वेळ. २ मिनिटांना पाणचट, ३ ते ४ ला वासही आणि चवही, ५ ला जीभ ओढायला लागली, ६ ला कडू. आम्ही ४ मिनिटांवर शिक्कामोर्तब केलं.

राहिला प्रश्न झाकणाचा. मी छातीठोकपणे सांगितलं, "झाकण हवंच. मी डोळे मिटून फरक ओळखीन." पार्टनर म्हणाला, "ओळखून दाखव."

ही पैज नवी नाही. रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९३५ सालच्या 'द डिझाइन ऑफ एक्सपरिमेंट्स' या पुस्तकात अशीच परीक्षा मांडली आहे. कपात दूध आधी घातलं की चहा, हे चवीवरून ओळखण्याचा दावा करणाऱ्या एका बाईंची. आठ कप, चार असे, चार तसे. आठातून चार निवडण्याचे ७० प्रकार होतात, म्हणजे नुसत्या नशिबावर चारही बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक.

आम्हीही आठ ग्लास मांडले. चार झाकून मुरवलेले, चार उघडे. पार्टनरने चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवला आणि सगळे सारखे कोमट झाल्यावर माझ्यापुढे ठेवले. मी चार निवडले. बरोबर आले तीन.

मी उड्याच मारणार होतो. पण हिशोब केला तर तीन किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता सत्तरात सतरा. जवळजवळ चारात एक! म्हणजे काहीच सिद्ध झालं नाही. पार्टनर हळूच म्हणाला, "लिही ना चार. कोण बघतंय?"

आणि मी गप्प झालो. कारण हे वाक्य माझंच आहे. लॅबमध्ये ते मी किती वेळा म्हटलंय याची मोजदाद नाही. पेंडुलमचा प्रयोग आठवा. आधी ९.८१ लिहायचं आणि मग मागे मागे जात रीडिंग बनवायची! उरलेली जर्नल सिनिअर्सची छापायची. त्यात मला कधी लाज वाटली नव्हती. पण इथे उत्तर पुस्तकाच्या मागे नव्हतं. खोटं लिहिलं असतं तर फसलो असतो मीच.

मी तीनच लिहिलं. रविवारी पुन्हा आठ ग्लास मांडले. या वेळी आले दोन, म्हणजे नशिबाने सगळ्यात जास्त वेळा येणारा आकडा. चहा संपला, निष्कर्ष निघाला नाही. वर पार्टनरने खोडा काढलाच, "झाकणाने वाफ अडते तसं पाणीही जास्त गरम राहतं. फरक आला असता तरी श्रेय कुणाला दिलं असतंस?" या प्रश्नाने मला जे शिकवलं, ते आठ सेमिस्टरच्या टर्मवर्कने शिकवलं नव्हतं.

म्हणून स्टाफला एक नम्र विनंती. दर सेमिस्टरला निदान एक प्रॅक्टिकल असं द्या, की ज्याचं उत्तर आम्हालाही माहीत नाही आणि तुम्हालाही. आणि 'निष्कर्ष निघाला नाही, कारण...' असं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याला पूर्ण मार्क द्या. आम्ही छापतो ते आळसामुळे, हे मान्य. पण उत्तर आधीच ठरलेलं असतं म्हणूनही छापतो.

आणि मित्रांनो, असा चहा मिळालाच तर २ ग्रॅम, १०० मिली उकळतं पाणी, ४ मिनिटं. दूध नको. झाकण? मी अजूनही ठेवतो. फक्त 'फरक पडतोच' असं आता म्हणत नाही.