जुन्या अंकांची झडती

जुनी प्रकरणे उकरण्यात वृत्तपत्रांनी शक्ती का दवडावी, असे आमचे काही सुशिक्षित स्नेही विचारतात. त्यांस आम्ही भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी दाखवितो. मोहाडी तालुक्यातील या गावी २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे या दलित कुटुंबातील आई, मुलगी व दोन मुलगे जमावाने ठार केले. मारहाणीच्या एका गुन्ह्यात मायलेकींनी आरोपी ओळखले होते. जमिनीचा वादही जुनाच. आणि प्रारंभी वार्ता काय पसरली? अनैतिक संबंधांची! मृत स्त्रीस उत्तर देता येत नाही, ही केवढी सोय! ही कंडी शहानिशेवाचून उचलणाऱ्यांस आम्ही बातमीदार म्हणावे काय? खरी हकीकत खणून काढली ती मुख्यतः सत्यशोधन समित्यांनी; नोव्हेंबरात नागपूर-अमरावतीस लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कोठे मोठ्या पत्रांचे डोळे उघडले.

पुढे २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठांस दोषी ठरवून सहांस फाशी सुनावली. २०१० साली उच्च न्यायालयाने फाशीऐवजी २५ वर्षांचा कारावास दिला. अत्याचार-प्रतिबंधक कायदा मात्र लागू झाला नाही. हे सर्व छापून आले. त्यास धैर्य लागत नाही. आपल्याच दप्तरातील ऑक्टोबर २००६ चे अंक काढून, ती कंडी कोणी पुरविली, कोणी छापली, गावी जाऊन कोणी विचारले नाही, हे नावानिशी सांगणारे पत्र आम्हांस हवे आहे.