भरपाईचा कागद मराठीत का नाही?

भाषेचा प्रश्न म्हटला की आपल्याला शाळा, जमिनीचे उतारे आणि दुकानांच्या पाट्या आठवतात. कारखान्याच्या दारातला भाषाप्रश्न आपल्या सभांतून क्वचितच निघतो. बेळगावभोवतालच्या खेड्यांतून कितीतरी तरुण रोज उद्यमबागेत फौंड्री आणि मशीनशॉपमध्ये कामाला जातात. एखाद्याचा हात यंत्रात सापडला की घरची माणसे कागद घेऊन शिक्षकाच्या दारी येतात. कागद कन्नड किंवा इंग्रजीत, आणि खाली अंगठा आधीच उठलेला! असे कागद वाचून दाखवताना आमचाच आवाज उतरला आहे.

१९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात २०१७ साली एक लहानशी दुरुस्ती झाली. अपिलाची मर्यादा ३०० रुपयांवरून १०,००० झाली, ती बाब वकिलांची. आपल्या कामाची बाब दुसरीच आहे. कामावर घेतानाच मालकाने कामगाराला भरपाईच्या हक्काची लेखी माहिती द्यावी, न दिल्यास ५०,००० ते १ लाख रुपये दंड, असे तीत ठरले. पण भाषा कोणती? इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा, यांपैकी कामगाराला समजेल ती. आता मराठी शाळेत सातवी शिकून भट्टीवर उभ्या राहिलेल्या पोराला यातली कोणती समजावी? हिंदी कळते म्हणाल, तर सिनेमाची हिंदी वेगळी आणि कायद्याची वेगळी. समजेल अशी भाषा म्हणायचे आणि समजणारी भाषाच यादीत घ्यायची नाही, हा कुठला न्याय?

न कळण्याची किंमत केवढी असते पाहा. जानेवारी २०२० पासून त्या कायद्याखाली हिशेबासाठी दरमहा १५,००० रुपयांपर्यंतचा पगार धरला जाई. तेवढा पगार असलेला तीस वर्षांचा कामगार दगावला, तर निम्मा पगार ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये होतात. हे ठाऊक नसलेली बाई पन्नास हजारांवर सही करून मोकळी होते. वास्तविक हक्क सोडून देण्याचा असा करार कायद्याने रद्दबातल आहे आणि मृत्यूची भरपाई परस्पर घरी न देता अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. (ई. एस. आय. मध्ये नाव असलेल्यांचा मार्ग निराळा.)

२१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा जाऊन सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली. कामाशी संबंध दिसत असेल तर घरून कामावर जाता-येता झालेला अपघातही तीत धरला आहे. पहाटे दुचाकीवरून शहर गाठणाऱ्या आपल्या पोरांसाठी ही मोठी गोष्ट. पण त्यांना ती सांगणार कोण?

संहितेखाली नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक, तिथे महत्त्वाचे नियम व सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे केंद्राचे मान्य धोरण आहे. कन्नड कागदाला आमचा विरोध नाही. त्याच्याच पाठीवर मराठी छापा, एवढीच मागणी. घटनेच्या ३५० व्या कलमाने गाऱ्हाण्याचे निवेदन मराठीतूनही देता येते. कामगार खात्याकडे तशी निवेदने गावागावांतून गेली पाहिजेत.

आणि तोवर? भरपाईचा दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो. अपघातानंतर कोणी सहीसाठी कागद पुढे केला, तर सही करण्याआधी तो गावच्या शिक्षकाकडे किंवा समितीच्या कार्यकर्त्याकडे आणा. रात्री आणलात तरी चालेल.