वेगमर्यादा ठरवायची कोणी?

जबलपूरचा सदर बाजार महानगरपालिकेच्या नव्हे, तर कटक मंडळाच्या हद्दीत येतो. तेथील एखाद्या रस्त्यावरून वाहने भरधाव जाऊ लागली, तर नागरिकांनी मंडळाकडे दाद मागणे स्वाभाविक आहे. मात्र रस्ता आपल्या हद्दीत आहे एवढ्याच कारणाने मंडळाला तेथील वेगमर्यादा ठरवता येत नाही. देशातील महापालिका आणि नगरपालिकांची स्थितीही याहून वेगळी नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११२ मध्ये या अधिकाराची विभागणी स्पष्ट करण्यात आली आहे. वाहनांच्या प्रकारानुसार कमाल वेग केंद्र सरकार ठरवते. सार्वजनिक सुरक्षितता, सोय किंवा रस्त्याचे अथवा पुलाचे स्वरूप लक्षात घेऊन विशिष्ट ठिकाणी तो कमी करण्याचा अधिकार राज्य शासनाला किंवा शासनाने प्राधिकृत केलेल्या यंत्रणेला आहे. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना काढावी लागते आणि रस्त्यावर योग्य ठिकाणी फलक लावावे लागतात. निर्बंध एक महिन्याहून अधिक काळासाठी नसेल, तर राजपत्रातील प्रसिद्धीची अट नाही.

केंद्राने २०१८ च्या अधिसूचनेत पालिका हद्दीतील रस्त्यांवर मोटारींसाठी ताशी ७० किलोमीटर, तर दुचाकींसाठी ६० किलोमीटर अशी मर्यादा घातली होती. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती अधिसूचना रद्दबातल ठरवली. अधिकारांची मूळ विभागणी मात्र कायम आहे.

छावणी क्षेत्रात लष्करी वाहनांना वेगमर्यादा लागूच नसते, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. कायद्यातील सवलत केवळ अधिसूचित क्षेत्रात आणि अधिसूचित कालावधीत चालणाऱ्या लष्करी सरावापुरती आहे.

रस्ता एकाचा आणि मर्यादा दुसऱ्याची, हे चित्र मुंबईतही दिसते. २०२४ मध्ये खुला झालेला किनारी रस्ता महापालिकेने बांधला. त्यावर सरळ मार्गात ताशी ८० आणि बोगद्यात ६० किलोमीटर ही मर्यादा मात्र वाहतूक पोलिसांनी जाहीर केली.

अधिकाराच्या या अभावी स्थानिक संस्थांच्या हाती बहुधा एकच उपाय उरतो, तो म्हणजे गतिरोधक. त्यालाही नियम आहेत. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकानुसार ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगासाठीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. अरुंद आणि उंच उंचवटे वेग कमी करतात, पण दुचाकीस्वारांच्या जिवावरही बेततात.

वेगाचा प्रश्न केवळ शिस्तीचा नाही. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लावल्यानंतर वाहन थांबण्याचे अंतर चौपट होते. म्हणूनच पादचारी आणि वाहने एकत्र वावरतात तेथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असा आग्रह २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्याने धरला. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतील रस्त्यांवर ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर, ही सर्वसाधारण मर्यादा लागू झाली. कोणत्या रस्त्यांना अपवाद करायचे, हे मात्र तेथील स्थानिक परिषदा ठरवतात.

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने अतिवेगाचा दंड हलक्या वाहनांसाठी १,००० ते २,००० रुपये केला. त्याच दुरुस्तीतील कलम १९८-अ नुसार, रस्त्याच्या रचनेतील वा देखभालीतील मानके न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व ओढवल्यास जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे रस्ता सांभाळणाऱ्या संस्थेवर उत्तरदायित्व आले, पण वेग ठरवण्याचा अधिकार मात्र आपसूक आला नाही.

ही विसंगती दूर करण्यासाठी नवा कायदा करण्याची आवश्यकता नाही. प्राधिकृत करण्याची तरतूद कायद्यातच आहे. शाळा, रुग्णालये आणि बाजारपेठांच्या परिसरापुरता हा अधिकार राज्यांनी स्थानिक संस्थांना दिला, किंवा त्यांच्या प्रस्तावावर ठराविक मुदतीत निर्णय देण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले, तर सदरसारख्या भागातील नागरिकाला दाद कोठे मागायची, हे तरी निश्चित होईल.