परत न येणाऱ्या गिऱ्हाइकांना आवाहन

कुरकुंभला दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं खातात. एक इथलंच: एमआयडीसीतल्या केमिकल कंपन्यांत पाळीला जाणारं, फिरंगाई देवीच्या दर्शनाला येणारं, दौंड-बारामती रस्त्यावर रोज ये-जा करणारं. दुसरं पुणे-सोलापूर हायवेवरून सुसाट निघालेलं. पाटसचा टोलनाका मागे पडला, मागच्या सीटवर पोरांनी ‘भूक, भूक’ लावली, म्हणून थांबलेलं. पहिल्याला वडा गार लागला तर हातगाडीवाला मुकाट्याने गरम काढून देतो, कारण उद्या सकाळी हेच तोंड पुन्हा समोर येणार आहे. दुसऱ्याला काहीही वाढलं तरी चालतं, असा हायवेवरच्या बऱ्याच धंदेवाल्यांचा हिशोब असतो. हा माणूस भिगवणच्या पुढे गेला की त्याचा राग आपल्यापर्यंत पोचत नाही, हे त्यांना ठाऊक असतं.

हा दोष काही एकट्या कुरकुंभचा नाही. कुठल्याही हायवेवर जा, चकचकीत काचेच्या बर्गर-पिझ्झाच्या दुकानात बसा, की तेच. आधी पैसे, मग नंबर, मग ताटकळणं. स्क्रीनवर आपल्या मागचे नंबर लागतात आणि आपला येत नाही. पैसे भरून झाल्यावर ‘कोल्ड्रिंक संपलंय, दुसरं देऊ?’ चित्रातला बर्गर वीतभर उंच आणि हातातला चपटा. सात रुपये सुट्टे नाहीत म्हणून दोन गोळ्या. हात धुवायला जावं तर साबणाची बाटली रिकामी. यातली एकेक गोष्ट लहान, पण चार माणसांचं सात-आठशे रुपयांचं बिल भरून या सगळ्या एकदम वाट्याला आल्या की माणूस पेटतो.

आणि पेटून काय करतो? एक तर काउंटरवरच्या पोरावर ओरडतो, नाहीतर ‘जाऊ दे, चला, उशीर होतोय’ म्हणून गाडीत बसतो आणि इंदापूर येईपर्यंत शिव्या देतो. दोन्हींनी मालकाचं काही बिघडत नाही. माझं सांगणं आहे की तुम्ही परत येणार नसाल तर नका येऊ, पण तुमच्या तक्रारीचा कागद परत येईल अशी तजवीज करा.

त्यासाठी पहिली गोष्ट, बिल घ्या. ‘यूपीआय केलंय ना, मग बिल कशाला?’ असं उत्तर हल्ली मिळतं. यूपीआयचा मेसेज पैसे गेल्याचं सांगतो, कशाचे गेले ते सांगत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, तेव्हा मागताना ओशाळू नका. बिल हातात आलं की ते वाचा. पाटीवर मोठ्या कंपनीचं नाव असतं आणि बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत भलत्याच कुणाची फर्म निघते, कारण दुकान चालवायला दिलेलं असतं. तक्रारीला दोन्ही नावं लागतात. १ जानेवारी २०२२ पासून खाद्यपदार्थाच्या बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, चौदा आकडी नंबर छापणं बंधनकारक आहे. तो नंबर म्हणजे त्या दुकानाची ओळख. नाव बदललं तरी त्यावरून माग लागतो. साध्या रेस्टॉरंटात जीएसटी ५ टक्के, म्हणजे अडीच आणि अडीच अशा दोन ओळी. छोट्या हॉटेलवाल्याने कंपोझिशन योजना घेतली असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही. बिलावर जीएसटी नंबर नाही आणि कर मात्र लावलाय, असं दिसलं तर तिथल्या तिथे विचारा. बहुतेक वेळा ‘चुकून लागलाय’ असं उत्तर येतं आणि तो चटकन निघतोही.

पाण्याच्या बाटलीवरून हायवेवर सगळ्यात जास्त भांडणं होतात, आणि त्यातली निम्मी चुकीच्या ठिकाणी. टेबलावर बसून खाल्लं आणि छापील किमतीपेक्षा जास्त लावली, तर ‘एमआरपीचा कायदा’ म्हणून आवाज चढवू नका. हॉटेल-रेस्टॉरंटात बसवून दिलेल्या बाटलीत जागा आणि सेवा आली, तिथे वैधमापनाच्या कायद्याखाली कारवाई होणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलंय. मला तो निकाल पटत नाही, पण आहे तो आहे. मेनूकार्डावर दर लिहिलाय का, ते मात्र बघा. त्याच आवारातल्या पान-बिस्किटाच्या टपरीवर किंवा दुकानात उभ्या उभ्या बाटली घेतली तर छापील किमतीवर एक रुपयाही द्यायचा नाही. ‘थंड करायचे दोन रुपये’ हा प्रकार बेकायदा आहे. तिथे खुशाल भांडा आणि वैधमापन खात्याकडे कळवा.

सर्व्हिस चार्जचंही असंच. तो आपोआप बिलात घालू नये अशा सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या उचलून धरल्या. काढायला सांगा. टीप द्यायची ती आपल्या हाताने, आणि शक्यतो ज्याने टेबल पुसलं त्याच्या हातात.

एसटीच्या प्रवाशांची गोष्ट वेगळी, आणि खरं तर जास्त वाईट. गाडीवाल्याला पुढचं हॉटेल तरी निवडता येतं. एसटी कंडक्टर सांगेल तिथे थांबते, आणि तेवढ्या वेळात जे मिळेल ते, ज्या भावात मिळेल त्या भावात. अधिकृत थांब्यांवर ३० रुपयांत चहा-नाश्ता द्यायची योजना महामंडळाने काढलेली आहे. किती प्रवाशांना ते माहीत असतं? या योजनेची पाटी दिसली नाही तर काउंटरवर मोठ्याने विचारा, चार जणांना ऐकू जाईल असं. २०२५ च्या सुरुवातीला परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी या थांब्यांची पाहणी करायला सांगितलं, कारण निकृष्ट खाणं आणि घाणेरड्या स्वच्छतागृहांच्या तक्रारी वर पोचल्या होत्या. म्हणजे त्या कुणीतरी लिहिल्या होत्या. तिकीट फेकू नका; गाडी, मार्ग आणि वेळ यांचा तोच पुरावा.

आता मोठ्या कंपनीवरच्या कारवाईचं एक उदाहरण, नगरचं. केडगावच्या मॅकडोनाल्ड्सचं. आपल्या दौंड तालुक्यातलं केडगाव नव्हे, अहिल्यानगरला लागून असलेलं. चीज म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पदार्थांत दुधाच्या चीजऐवजी वनस्पती तेलाचा पर्याय वापरल्याचा ठपका राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने ठेवला आणि दुकानाचा परवाना निलंबित केला. २०२४ च्या फेब्रुवारीत ही बातमी देशभर गाजली. दुकानाने काही पदार्थांच्या नावातून ‘चीज’ हा शब्दच काढला. कंपनीने आरोप नाकारला आणि आपलं चीज अस्सल असल्याची खात्री एफएसएसएआयने केल्याचं नंतर जाहीर केलं. कोण खरं यात मी पडत नाही. मला त्यातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. जिल्ह्याच्या गावातल्या एका दुकानाच्या तपासणीने जगभर पसरलेल्या कंपनीला मेनूवरची नावं बदलायला लावली. ‘एवढ्या मोठ्या कंपनीपुढे आपलं कोण ऐकणार’ हे वाक्य त्यामुळे जरा जपून वापरावं.

काउंटरवरच्या पोरांबद्दल एक शब्द. ती दौंड-बारामतीकडची, नाहीतर मराठवाड्यातून आलेली, आठ-दहा तास उभी असतात. कोल्ड्रिंकचं मशीन त्यांनी बिघडवलेलं नसतं आणि कामावर माणसं कमी ठेवायचं त्यांनी ठरवलेलं नसतं. ‘ए, शुक शुक’ करून त्यांच्यावर जाळ काढणं हा रुबाब नव्हे. मॅनेजरला बोलवा, तक्रारवही मागा. आणि टेबल पुसायला आलेला ‘छोटू’ खरंच छोटा असेल तर बर्गरचं राहू द्या बाजूला. हॉटेल-ढाब्यांवर चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवायला ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला, फोन करा.

गिऱ्हाईकही सगळं धुतल्या तांदळाचं नसतं, बरं का. पूर्ण पिझ्झा संपवून शेवटच्या तुकड्याला ‘कच्चा होता’ म्हणणारे आणि पैसे परत मागणारे मी पाहिलेत. त्यांच्यामुळे खऱ्या तक्रारीकडेही संशयाने बघितलं जातं. पहिल्या घासाला कळलं तर पहिल्या घासाला सांगा.

अन्नात काही सापडलं, वास आला, खाऊन कुणी आजारी पडलं, तर ते नुसतं सेवेचं गाऱ्हाणं राहत नाही. उरलेलं वेष्टनासकट ठेवा, फोटो काढा, डॉक्टरचे कागद जपा आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवा. त्यांचा टोल-फ्री नंबर १८००२२२३६५.

बाकी उशीर, उद्धटपणा, चुकीचं पार्सल, न मिळालेला परतावा यांसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. ही हेल्पलाइन दंड करत नाही, तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. दीडशे रुपयांच्या गार बर्गरला एवढं पुरतं. त्यासाठी ग्राहक आयोगात जाणं म्हणजे मुंगी मारायला कुऱ्हाड. नुकसान मोठं असेल तर मात्र जा. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली तेव्हा ग्राहकाचा असा कायदाच नव्हता. तो यायला १९८६ उजाडलं. त्या जुन्या कायद्यात दुकानदार जिथला तिथे खेटे घालावे लागायचे. २०१९ च्या कायद्याने ते फिरवलं. आता तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार दाखल होते. खाल्लं कुरकुंभला आणि घर सोलापूरला, तर तक्रार सोलापुरात. मुदत दोन वर्षांची, मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागतोच असं नाही. ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरून घरबसल्याही भरता येते.

लिहायचं कसं, हा प्रश्न उरतो. रागाचे दोन परिच्छेद लिहू नका, ते कुणी वाचत नाही. असं लिहा:

‘अमुक तारखेला दुपारी दीड वाजता, पुणे-सोलापूर महामार्गावर कुरकुंभजवळच्या अमुक दुकानात बिल क्रमांक अमुकप्रमाणे ६४० रुपये भरले. मागवलेल्या चार पदार्थांपैकी तीन पस्तीस मिनिटांनी दिले, एक आलाच नाही. त्याचे १८० रुपये परत मागितले, मॅनेजरने नकार दिला. बिलाचा आणि मिळालेल्या पदार्थांचा फोटो जोडला आहे. १८० रुपये परत मिळावेत.’

तारीख, वेळ, जागा, बिल, काय झालं, काय पाहिजे. इंग्रजी येत नाही म्हणून अडून बसू नका, १९१५ वर मराठीतून बोलता येतं.