भीतीचे तिकीट

चंद्रपूरला चैत्र महिन्यात महाकालीची यात्रा भरते. नांदेडकडून, मराठवाड्यातून भाविक येतात. पाळणे आणि खेळण्यांची दुकाने यांच्या शेजारी एखादा ‘भूत बंगला’ही असतो. कापडी भिंती, दारावर रंगवलेला सांगाडा आणि आत गडद अंधार. मुले हात धरून आत शिरतात, किंचाळत बाहेर येतात आणि पुन्हा तिकिटाला पैसे मागतात.

अशा खेळाने मुले भित्री होतात, असे काही पालक म्हणतात. मला ते पटत नाही. एकदा मीही विद्यार्थ्यांबरोबर आत गेलो. अंधारात कोणीतरी माझा पाय धरला आणि मी मुलांपेक्षा मोठ्याने ओरडलो! बाहेर आल्यावर पाहतो तो काय, मुखवटा डोक्यावर सरकवून ते भूत चहा पीत बसले होते. एका मुलाने त्याला विचारले, “भाऊ, आत उकडत नाही का?”

भुताला असा प्रश्न विचारता आला पाहिजे. १८६२ साली लंडनमध्ये जॉन पेपर यांनी रंगमंचावर भूत दाखवले. त्यांनी मोठी काच तिरपी उभी केली होती. खाली लपलेल्या नटावर प्रखर प्रकाश टाकला, की त्याचे प्रतिबिंब काचेत दिसे. काचेतून मागचे सामानही दिसे, म्हणून भूत पारदर्शक वाटे. रात्री दिवा लावून खिडकीच्या काचेत पाहा. तुमचाच चेहरा बाहेर अंधारात तरंगताना दिसेल.

खरी भीती तिकीट काढून मिळत नाही. आपल्याच जिल्ह्यातील जिवती तालुक्यात, वणी (खुर्द) गावात, ऑगस्ट २०२१ मध्ये जादूटोण्याच्या संशयावरून काही दलित स्त्री-पुरुषांना भर चौकात बांधून मारले. त्यांत म्हातारी माणसेही होती. जादूटोणाविरोधी कायदा तर २०१३ सालीच झाला होता! मारणाऱ्यांपैकी कोणी भूत बंगल्यात गेले होते की नाही, कोण जाणे. पण पडद्यामागे डोकावून पाहण्याची सवय त्यांना नव्हती, एवढे नक्की.

भूत बंगल्याविषयी माझी एकच तक्रार आहे. तिथल्या चित्रांत चेटकीण म्हणून बहुधा पांढऱ्या केसांची, वाकलेली म्हातारीच का असते?

यंदा स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाला भूत बंगला करायचा आहे. मी परवानगी दिली आहे. सांगाडा करा, जिन करा, डोके नसलेला शिपाई करा. म्हातारी मात्र करायची नाही. आणि शेवटी दिवे लावून सगळ्यांना आतली काच दाखवायची.