टोपीच्या आतली बाजू

जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याकडे पुरुषांची फेल्ट हॅट दिसली, की तिच्या काळाविषयी विचारून पाहावे. 'चाळीसच्या दशकातली' असे उत्तर बहुधा ठरलेले असते. कशावरून, असे विचारल्यास विक्रेता टोपीची रुंद कड आणि माथ्यावरची खोलगट घडी दाखवतो. फार तर 'कॅसाब्लांका'तल्या हम्फ्री बोगार्टचे नाव घेतो. आमचे म्हणणे असे, की हा पुरावाच नव्हे. आणि ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्याला इतर कुणाहीपेक्षा लवकर कळावयास हवी. कारण केवळ शैलीवरून काळ ठरवण्याचे धोके त्याला त्याच्या विषयातच पदोपदी भेटत असतात.

फेल्ट हे विणलेले कापड नव्हे. सशाचे किंवा बीव्हरचे केस वाफ, ओल आणि दाब यांनी एकमेकांत गुंतवून ते तयार होते आणि साच्यावर चढवून त्याला टोपीचा आकार देतात. जो आकार वाफेने आला तो वाफेनेच जातो. घरच्या किटलीवर धरून माथ्याची घडी मोडता येते, दुसरी पाडता येते. कड कातरून अरुंद करता येते. साठच्या दशकात अरुंद कडेची टूम होती, तेव्हा कपाटातल्या जुन्या टोपीला नव्याचे रूप देणे कात्रीने साधण्याजोगे होते. उलट दिशेचे उदाहरण तर सर्वांच्या परिचयाचे आहे. १९८१ सालच्या 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' या चित्रपटाचे कथानक १९३६ मध्ये घडते. त्यातल्या इंडियाना जोन्सची हॅट लंडनच्या हर्बर्ट जॉन्सन यांच्याकडची, आणि त्या नमुन्याचे नाव 'पोएट'. (आमच्या कवीमित्रांनी हुरळून जाऊ नये.) रूप पाहाल तर १९३६ चे, वस्तू मात्र चित्रीकरणासाठी घडवलेली, म्हणजे सुमारे चार दशकांनी धाकटी.

ज्ञानेश्वरी शके १२१२ ची आणि एकनाथांनी तिची प्रत शुद्ध केली ती शके १५०६ मध्ये, हे आपण वर्गात शिकतो व शिकवतो. ग्रंथाचा काळ वेगळा, हाती असलेल्या पाठाचा वेगळा आणि तो ज्या कागदावर उतरला त्याचा आणखी वेगळा, हे पाठचिकित्सेचे पहिले पाऊल. टोपीलाही आकाराचा एक काळ असतो आणि वस्तूचा दुसरा. वस्तूचा काळ हवा असेल तर टोपी उलटी करावी लागते.

आत कपाळाला टेकणारा चामड्याचा पट्टा असतो. तो हलकेच बाहेर वळवला, की फेल्ट आणि चामडे यांच्यामधल्या फटीत, जिथे टोपी घालणाऱ्याचे कधी लक्ष जात नाही, तिथे कागदाचे कपटे सापडतात. अमेरिकन टोपीत बहुधा कामगार संघटनेची चिठ्ठी असते. टोपीकामगारांची 'युनायटेड हॅटर्स ऑफ नॉर्थ अमेरिका' ही संघटना १९३४ मध्ये दुसऱ्या एका संघटनेत मिसळली आणि नाव लांबून 'युनायटेड हॅटर्स, कॅप अँड मिलिनरी वर्कर्स' असे झाले. चिठ्ठीवर लांब नाव असेल तर ती टोपी १९३४ च्या आधीची असू शकत नाही. एखाद्या टोपीत निळ्या गरुडाचे चिन्ह निघाले तर संशोधकाने पेढे वाटावेत. कारण रूझवेल्ट यांच्या ज्या योजनेचे ते चिन्ह, ती १९३३ मध्ये सुरू झाली आणि मे १९३५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. जेमतेम दोन वर्षांची खिडकी!

अस्तरावर किंवा खोक्यावर दुकानाचा पत्ता छापलेला असतो. शहराच्या नावापुढे एक-दोन आकडी विभाग क्रमांक असेल तर तो १९४३ नंतरचा. पाच आकडी झिप कोड असेल तर १९६३ नंतरचा. वर्तुळातले 'आर' हे नोंदणीचिन्ह अमेरिकेच्या १९४६ च्या व्यापारचिन्ह कायद्याने आले. मापाचा आकडाही बोलका असतो. एकाच डोक्याला इंग्लंडमध्ये ७, अमेरिकेत ७ १/८ आणि युरोप खंडात ५७ सेंटिमीटर असे माप लिहितात. म्हणजे टोपी कुठल्या बाजारासाठी बनली हे कळते. फितीची गाठ डावीकडे असेल तर पुरुषाची, उजवीकडे असेल तर बाईची, असा संकेत आहे. लुईस कॅरलच्या वेड्या टोपीवाल्याच्या टोपीत टेनिएलने खोचलेली १०/६ ही चिठ्ठी म्हणजे साडेदहा शिलिंगांची किंमत. खऱ्या इंग्लिश टोपीत फक्त शिलिंगांतली किंमत आढळली तर ती फेब्रुवारी १९७१ मध्ये दशमान नाणी येण्यापूर्वीची समजावी.

यांतल्या बहुतेक खुणा 'याच्या आधीची नाही' एवढेच सांगतात. 'याच्या नंतरची नाही' हे फारच थोड्या सांगतात. टोपीत चार खुणा असतील तर सर्वांत अलीकडची खूण निर्णायक, मग जुन्या खुणा कितीही मोहक असोत. जुन्या चिठ्ठ्यांचा साठा कारखान्यात उरतो, पट्टा बदललेला असू शकतो. म्हणून नेमके वर्ष सांगणाऱ्यापेक्षा दहा वर्षांची मर्यादा सांगून थांबणारा माणूस आम्हांला अधिक विश्वासार्ह वाटतो.

नावांचीही तीच गत आहे. 'फेडोरा' हे नाव व्हिक्टोरिअँ सार्दू याच्या १८८२ सालच्या नाटकातून आले. त्यातली फेडोरा ही राजकन्या, आणि ती भूमिका सारा बर्नहार्टची. 'ट्रिल्बी' आली जॉर्ज द्यू मोरिए याच्या १८९४ च्या कादंबरीवरून, तीही नायिकाच. पुरुषांच्या दोन टोप्यांना साहित्यातल्या दोन स्त्रियांची नावे मिळावीत, ही गंमत प्राध्यापकांच्या लक्षात क्वचितच येते. १८७० सालच्या कथानकात निवेदक पात्राच्या डोक्यावर 'फेडोरा' चढवत असेल, तर तो स्वतः १८८२ नंतर उभा आहे हे ओळखावे.

एवढ्यासाठीच जुन्या टोप्यांना 'नवजीवन' देण्याच्या उद्योगाविषयी आमची तक्रार आहे. डाग काढावेत, कसर झाडावी, त्याला कोण नाही म्हणतो? पण कडक झालेला पट्टा उपटून नवा शिवतात, विटलेले अस्तर फेकतात आणि वर टोपी 'मूळ रूपात' आणली असे सांगतात. पुस्तकाचे प्रकाशनपृष्ठ फाडून त्याला नवी बांधणी करावी, तसे हे आहे.

हे लिहिण्याचा अधिकार आम्हांला कितपत, हेही सांगितले पाहिजे. महाविद्यालयात असताना एका एकांकिकेसाठी आम्ही वर्गमित्राच्या घरून त्याच्या आजोबांची फेल्ट हॅट आणली होती. ती नटाच्या डोक्यात शिरेना. आतला पट्टा वाळून आक्रसला होता. आम्ही तो ब्लेडने उसवला. मागून घडी घातलेला पिवळा कपटा पडला, तो पट्ट्याबरोबर केरात गेला. टोपी बसली, प्रयोगही बरा झाला. मित्राचे आजोबा ती लंडनहून आणली असे सांगत. आजी मात्र म्हणे, कसले लंडन, मुंबईत फोर्टातल्या दुकानात घेतली, मी बरोबर होते. पट्ट्यावर सोनेरी अक्षरांत काहीतरी छापलेले होते एवढे आम्हां सर्वांना आठवते. काय ते कुणालाच नाही. आजोबा आणि आजी दोघेही आता नाहीत. टोपी मित्राकडे आहे. गाठ डाव्या बाजूला, कड रुंद, आणि पट्टा जिथे शिवलेला होता तिथे सुईची भोके.